उत्तरेच्या खिडकीतला निळा

इचलकरंजी
१२ फेब्रुवारी १९९४

ती. अक्काला शशिधरचे शरणु शरणार्थी.

तुझं पाकीट पोचलं. अव्वाच्या निळ्या इरकलीचा धागा तू कागदाच्या सात घड्यांत घालून पाठवलास. माझ्या हाताखालची माणसं हसायला लागली. मी म्हटलं, "हसू नका रं, आमच्या आईच्या लुगड्याचा हाय त्यो." मग कामाला लागली.

पदराच्या जरा वर उंदराने बोटभर खाल्लंय आणि रफूवाला याच निळ्याचं सूत मागतो, कारवारच्या बाजारात ते मिळत नाही, असं तू लिहिलंस. अग, बाजारात कुठून मिळणार? आमच्या प्रोसेसमध्ये रोज हजारो मीटर कापड रंगतं, पण असला निळा वर्षभरात एकदाही निघत नाही. चार वेळा चुकला, पाचव्या वेळी उतरला. लडी सोबत पाठवतोय.

शेड मी स्वतः पास केली आहे, आपल्या अप्पांच्या नियमाने: सकाळी दहा वाजता, उत्तरेच्या खिडकीत. ट्यूबखाली सगळे रंग खोटं बोलतात. इथे कामगार काय म्हणतात माहीत आहे ना? "मास्तरांनी व्हय म्हटलं म्हंजे व्हय." तेव्हा निर्धास्त रफू करून घे.

तुझा,
शशिधर


कारवार
३ मार्च १९९४

चि. तम्मा,

लुगडं रफू होऊन आलं. शेजारणीला म्हटलं, कुठे जोडलंय ते दाखव. चष्मा लावून तिने अर्धा तास शोधलं आणि शेवटी माझंच डोकं फिरलंय असं ठरवून ती निघून गेली. मलाही सापडत नाही बघ.

अव्वा असती तर म्हणाली असती, "माझ्या पोराचा डोळा म्हणजे तराजू." ती नाही म्हणून मी म्हणते. फार चढून जाऊ नकोस. रंग जुळवता येतो, पण माझ्या भावजयीशी बोलणं जुळवून घेता येत नाही, हे मला तिच्या पत्रातून कळतं.

तुझी,
अक्का


राजारामपुरी, कोल्हापूर
६ जुलै २००८

ती. अक्काला शरणु शरणार्थी.

परवा फोनवर मी बराच वेळ बोललो, तू "हां, हां" म्हणालीस. नंतर तुझ्या मुलाने सांगितलं की तुला एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. कानातलं यंत्रही तू डब्यात ठेवून दिलंयस म्हणे. बरं झालं. फोनवर तसंही आपण नुसते ओरडत होतो. आता पुन्हा पत्र.

आमच्याकडे नवं खूळ आलंय. माझ्या पोराने, संगमेशने, समुद्राची टाकी केली आहे. नुसती मासे पाळायची टाकी नव्हे, खारं पाणी, जिवंत पोवळं! अंगठीतलं असतं तेच बापडं, पण हे हिरवट, पाच फांद्यांचं, आणि प्राणी आहे म्हणे. आपल्या किनाऱ्यावरचं काढायला बंदी आहे, म्हणून मुंबईच्या एका शौकिनाने स्वतःच्या टाकीत वाढवलेल्यातला तुकडा त्याने मागवला. त्याच्यावर या पोराने स्वतः जोडलेली दिव्यांची पट्टी टांगली आहे. एलईडी म्हणतात. बारीक बारीक दिवे, आणि दोन बटणं: एक पांढऱ्याचं, एक निळ्याचं. फिरवावं तसा रंग बदलतो.

संगमेश म्हणाला, "अप्पा, तुमी आयुष्यभर शेड जुळवल्या. ह्ये आता तुमीच बघा." अक्का, रिटायर झाल्यापासून पाच वर्षांत मला कोणी काही 'बघा' म्हटलं नव्हतं. तुझी भावजय गेल्यावर तर भाजीसुद्धा कोणी निवडायला देत नाही.

तर काम असं. समुद्राचा खरा रंग मला हवा आहे. मी तो आयुष्यात एकदाच पाहिला, तुझ्या लग्नात. तू पन्नास वर्षं रोज बघतेस. कुठल्या वेळी कसा दिसतो ते लिहून कळव. नुसतं 'निळा' लिहू नकोस, शेड सांग.

शशिधर


कारवार
२२ जुलै २००८

चि. तम्मा,

आषाढात समुद्राचा रंग विचारणारा तू पहिलाच. सध्या तो चहाच्या उकळलेल्या पातेल्यासारखा आहे. तुझ्या टाकीत तेवढं नको, सून घराबाहेर काढेल.

पण तुला खरा हवाय ना, मग गणपतीनंतरचा सांगते. सकाळी काठाजवळ लुगड्यांतला आनंदी रंग, आत गडद चिंतामणी. दुपारी बारा वाजता बघवत नाही, चांदीचं ताट. चार वाजता जो निळा येतो तो अव्वाच्या इरकलीचा. अगदी तोच. मला तो दिसला की मी चहा ठेवायला उठते, घड्याळ बघत नाही.

तुला माझ्या लग्नातलं आठवतं का? वऱ्हाड गडहिंग्लजहून रात्रभर एसटीने आलं, सगळे अंघोळीच्या रांगेत, आणि तू नाहीस. अव्वाने रडून घर डोक्यावर घेतलं. अप्पांना तू किनाऱ्यावर सापडलास. पंधरा वर्षांचा घोडा, कमरेइतक्या पाण्यात उभा, आणि हातात अप्पांचा नवा पांढरा रुमाल. बुडवतोयस आणि बघतोयस. अप्पांनी विचारलं तर म्हणालास, "रंग उतरतो का बघतोय." उतरला नाही म्हणून तू माझ्या अक्षतांना तोंड पाडून बसला होतास. फोटोत आहे तसाच.

पन्नास वर्षांनी तोच उद्योग परत काढलास. कर बाबा.

अक्का


कोल्हापूर
१९ ऑगस्ट २००८

अक्का,

तुझं पत्र टाकीशेजारी चिकटवून ठेवलंय. सकाळी आनंदी, चारला इरकली. मी रोज तसा फिरवतो. पण एक कळत नाही. निळा पुरत नाही! बटण अर्ध्यावर ठेवलं तर पाणी नुसतं पिवळट, ताकासारखं. पाऊण केलं तरी तेच. शेवटपर्यंत नेलं तेव्हा कुठे जरा तुझ्या चार वाजताच्या जवळ आलं. संगमेशचे निळे दिवे हलके असणार. त्याला बोललो तर विषय बदलतो.

आणि बटणही नीट बसवलेलं नाही. मी शेवटपर्यंत फिरवून देवळात जातो, परत येतो तर ते मागे सरकलेलं. रोज! याला काम म्हणतात? आमच्याकडे असा फिटर असता तर त्याला दुसऱ्या दिवशी घरी बसवला असता. सुनेला, शिवांजलीला म्हटलं, "बटण आपोआप सरकतं की गं." ती म्हणाली, "व्हय मामा, हवेनं सरकत आसंल." पोरगी चांगली आहे, पण यंत्रातलं तिला काही कळत नाही.

तू काळी शाई कधीपासून वापरायला लागलीस? तुझी ती निळीच बरी होती. आणि जरा मोठं लिही. म्हातारपणी अक्षर बारीक झालंय तुझं.

शशिधर


कारवार
४ सप्टेंबर २००८

चि. तम्मा,

मोठं लिहिते. एवढं पुरे?

शाई तीच आहे. निळी. नातू शाळेतून दौत आणतो, आम्ही दोघं वाटून घेतो. पुन्हा बघ.

अक्का


कोल्हापूर
२१ सप्टेंबर २००८

ती. आत्यांना शिवांजलीचा नमस्कार.

तुम्ही मला वेगळं पत्र लिहून "घरात काय चाललंय ते खरं सांग" म्हणालात. मामांना कळू देऊ नका, तरच सांगते.

आत्या, आमचा दिवाणखाना सध्या निळा आहे. भिंती निळ्या, माणसं निळी, ताटातला भात निळा. समोरच्या क्लासची मुलं खिडकीतून बघून विचारतात, "काकू, आत डान्स हाय का?" मामा मात्र मान हलवून म्हणतात, अजून जरा हवा.

ते पोवळं पांढरं पडत चाललंय. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उजेडावर त्याच्यासाठी अन्न करतं. हा निळा उजेड फार झाला की पोवळं त्या शेवाळालाच बाहेर टाकतं, आणि मग उपाशी मरतं. हे सगळं यांनी मला समजावून सांगितलं. "मग मामांना सांगा की," म्हटलं, तर म्हणाले, "अप्पांना? रंगातलं? मी? आख्ख्या प्रोसेसमदी कुनाची टाप न्हवती." म्हणून मीच रोज मामा देवळात गेले की बटण अर्ध्यावर आणते. आल्यावर ते परत फिरवतात. बटण हवेने सरकत नाही, आत्या. मी सरकवते.

आणखी एक. परवा त्यांनी माझी हिरवी साडी बघून "काळी का नेसलीस सणाची?" विचारलं. मी आत जाऊन बदलली. डॉक्टरांचं नाव काढलं की ते म्हणतात, "आमच्या अप्पांचा डोळा आपरेशननं घालवला. मला शानपन शिकवू नको." मला फार भीती वाटते.

आपली,
शिवांजली


कारवार
६ ऑक्टोबर २००८

चि. तम्मा,

एक काम आहे, आणि ते तुझ्याशिवाय कोणाला जमणार नाही.

सोबत तीन धागे पाठवतेय, कागदावर चिकटवून, एक, दोन, तीन असे आकडे घालून. त्यांतला एक अव्वाच्या इरकलीचा आहे, एक तू चौऱ्याण्णव साली पाठवलेल्या लडीतला उरलेला, आणि एक तिसराच. माझ्या डब्यात मिसळले गेले. कुठला कुठला ते सांग. सकाळी दहाला, उत्तरेच्या खिडकीत बघ. नियम तुझाच.

अक्का


कोल्हापूर
२५ ऑक्टोबर २००८

अक्का,

थट्टा करतेस की खरंच तुझं वय झालंय? तीन काळे धागे कशाला पाठवलेस? अव्वाचा टाकायला विसरलीस. शिवणाच्या रिळाचे तीन तुकडे चिकटवून मला शेड विचारतेस! दहाला बघितले, अकराला बघितले, गच्चीवर उन्हात नेऊन बघितले. तिन्ही काळे. डबा नीट शोध आणि अव्वाचा धागा पाठव. हरवला असेल तर मला सांग, मी ओरडणार नाही.

टाकी उत्तम. पोवळ्याला आता छान श्रीखंडी रंग आलाय. आधी शेवाळी होतं. माझ्या निळ्याने उजळलं. संगमेश बघायलाही येत नाही, त्याला माझं कौतुक सोसत नाही असं दिसतं.

दिवाळीचा फराळ पाठवलाय. चकल्या शिवांजलीच्या, म्हणून खुसखुशीत आहेत.

शशिधर


कारवार
१० नोव्हेंबर २००८

चि. तम्मा,

हे पत्र मी तीनदा फाडलं. आता चौथं, आणि हे टाकणार.

पहिला धागा अव्वाचा होता. दुसरा तुझा. तिसरा रिळाचा, काळा. तू तिन्हींनाही काळं म्हणालास. अव्वाच्या निळ्याला तू काळा म्हणालास, तम्मा.

तुझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. मला कसं कळलं ते सांगते. तीन वर्षांपूर्वी माझे दोन्ही झाले. तुला कळवलं नव्हतं, "लेकीकडे चाललेय" असं लिहिलं होतं, कारण तू तिथून भांडायला आला असतास. पट्टी निघाल्यावर मला कळलं की आमच्या घराच्या भिंती पांढऱ्या आहेत. मी त्यांना मोतिया समजून तीन वर्षं काढली होती. आत हळूहळू पिवळा पडदा चढतो आणि सगळ्यात आधी निळा जातो. म्हणून तुझी टाकी पिवळट, म्हणून माझी शाई काळी. तू निळा वाढवत गेलास, कारण तुझ्यापर्यंत तो पोचतच नव्हता. पोवळं श्रीखंडी झालेलं नाही. ते पांढरं पडलंय, मरायला टेकलंय. घरात तुला सांगायची कोणाची छाती नाही, आणि त्यात चूक तुझी आहे. 'मास्तरांनी व्हय म्हटलं म्हंजे व्हय' हे प्रोसेसमध्ये ठीक होतं.

आता अप्पांचं. तू चाळीस वर्षं सगळ्यांना सांगतोस की ऑपरेशनने अप्पांचा डोळा गेला. मी ते खोडलं नाही. आज खोडते.

सहासष्ट साली मी त्यांच्या उशाशी बसायला माहेरी आले होते. तेव्हा आठवडाभर पट्टी बांधून उताणं ठेवायचे. तू नुकताच इचलकरंजीला लागला होतास. तू स्वतः रंगवलेली पहिली लडी घेऊन आलास, निळी, आणि त्यांच्या हातात देऊन म्हणालास, "पट्टी सुटली की बघा." आणि पाळीला निघून गेलास. तिसऱ्या दिवशी मी आंबील आणायला चुलीकडे गेले. परत आले तर अप्पा पलंगावर नव्हते. उत्तरेच्या खिडकीत बसले होते. पट्टी कपाळावर सारलेली, डोळ्यातून पाणी वाहतंय, आणि हातात तुझी लडी. मी किंचाळले. ते म्हणाले, "चांगला उतरलाय गं निळा. पोराला हात हाय." मग म्हणाले, "ह्ये त्याला सांगू नको. जल्मभर मनाला लावून घेईल." डोळा त्यानंतर पिकला. डॉक्टरांनी काही घालवला नाही. अप्पांनी स्वतः घालवला, आणि मी शेवटपर्यंत त्यांना त्याचं वाईट वाटलेलं पाहिलं नाही.

दोष तुझा नाही. तू "सुटली की बघा" असंच म्हणाला होतास. हट्ट त्यांचा. दोष असलाच तर माझा. मी अप्पांना दिलेला शब्द पाळला आणि त्यापायी तू भीत राहिलास.

तू रागावशील. रागाव. पण हे ऐक. मला ऐकू येत नाही, आणि आता येणारही नाही. तुला दिसेनासं झालं तर तू माझं पत्र वाचणार नाहीस आणि मी तुझा फोन ऐकणार नाही. मग अव्वाअप्पांची दोन पोरं जिवंत असून एकमेकांना मेल्यासारखी. मला ते नको आहे, तम्मा. एवढ्यासाठी डोळे कर.

अक्का


कारवार
१२ डिसेंबर २००८
(पोस्टकार्ड)

चि. तम्मा, महिना झाला. शिव्या तरी पाठव.


कोल्हापूर
२० डिसेंबर २००८

ती. आत्यांना नमस्कार.

तुमचं पत्र मामांना वाचता येत नव्हतं, अर्ध्यावरून त्यांनी मला वाचायला दिलं. मी खिडकीतल्या लडीपर्यंत वाचलं आणि मला पुढे वाचवेना. त्यांनी पत्र काढून घेतलं. महिनाभर जेवण खोलीत. बटणाला हात लावला नाही, त्यामुळे ते माझ्या अर्ध्यावरच राहिलं.

काल सकाळी कपडे करून बाहेर आले आणि यांना म्हणाले, "गाडी काढ. कुठल्या त्या डागदराकडं न्हेनार हुतास?" हे इतके गडबडले की उलटा बूट घालून गेले. पहिला डोळा सोमवारी आहे. पट्टी एक दिवसच असते म्हणाले. मी पलंगाशेजारून हलणार नाही, आंबील आणायलासुद्धा नाही.

शिवांजली


कोल्हापूर
१८ फेब्रुवारी २००९

ती. अक्काला शरणु शरणार्थी.

दोन्ही डोळे झाले. हे पत्र मी चष्म्याशिवाय लिहितोय, आणि तुझी शाई निळी आहे. तुझी सगळी पत्रं काढून बघितली. सगळी निळी.

पहिली पट्टी सुटली त्या दिवशी घरी आलो आणि दारातच थांबलो. म्हटलं, कोणाचं घर हे? शिवांजलीचे पुढचे केस पांढरे झालेत, मला माहीतच नव्हतं. मग टाकीचं बटण मी शेवटपर्यंत फिरवून बघितलं, आधी ठेवत होतो तसं. अक्का, माझी मलाच लाज वाटली. देवाच्या फोटोपासून संगमेशच्या टकलापर्यंत सगळं घर नीळ टाकलेल्या बादलीत बुडवल्यासारखं. आणि हे लोक चार महिने त्यात बसून जेवले, आणि मी वर विचारायचो, "पुरेसा हाय न्हवं?" आणि संगमेश म्हणायचा, "हाय की अप्पा."

मी त्याला म्हटलं, "आरं बोलायचं हुतंस." तो म्हणाला, "तुमी सांगितलं त्येच खरं, ह्ये तुमीच शिकवलंसा." मग दोघंही रडलो. असा काही आमचा रिवाज नाही, पण झालं.

पोवळ्याच्या तीन फांद्या गेल्या. दोन राहिल्या, त्या सुनेने माझ्या पाठीमागे बटण सरकवलं म्हणून, हे तिने आता कबूल केलं. आता मी रोज एक रेघ एवढंच वाढवतो, आणि वाढवण्याआधी तिला विचारतो. काल एका टोकाला शेवाळी ठिपका दिसला, मोहरीएवढा. मी सगळ्यांना हाका मारून जमवलं.

अप्पांचं. मी रागावलो होतो, तुझ्यावर नाही, कोणावर ते कळत नव्हतं. मग एका दुपारी लक्षात आलं की आयुष्यभर मला एकच गोष्ट कळली नव्हती, अप्पांना माझं काम आवडलं होतं की नाही. त्यांनी कधी तोंडाने सांगितलं नाही. ते त्यांनी तुला सांगितलं होतं. एवढं कळायला मला पासष्ट वर्षं लागली, पण कळलं. आता त्यावर आणखी लिहीत नाही.

राहिले धागे. काल सकाळी दहा वाजता, उत्तरेच्या खिडकीत तुझा कागद धरला. तिसरा काळा. पहिला अव्वाचा, बघितल्याबरोबर ओळखला. दुसरा माझा. आणि अक्का, दुसरा जुळत नाही. लाल मारतोय. अर्धी शेड, पण मारतोय. असला माल मी कोणाचाही परत पाठवला असता.

तेव्हा मी तुला खोटं लिहिलं होतं. खिडकीत बघितलाच नव्हता. पाचव्या वेळी उतरला तेव्हा संध्याकाळ झाली होती, दुसऱ्या दिवशी साहेबांचा मोठा माल होता, मी ट्यूबखाली धरला, बरा वाटला, पाकिटात घातला. अव्वाच्या लुगड्यासाठी मी घाई केली. आणि तुला ते तेव्हाच दिसलं असणार. तुझा डोळा काही कमी नाही. मग "मलाही सापडत नाही" असं का लिहिलंस? शेजारीण अर्धा तास शोधत होती, तेही खोटं का?

खरं सांग. आता मी वाचू शकतो.

शशिधर


कारवार
४ मार्च २००९

चि. तम्मा,

शेजारीण खोटी. तिने दारातूनच बोट दाखवलं होतं.

लाल मारतोय ते मला लडी सोडताच दिसलं. रफूवाला म्हणाला, "बाई, हा जुळत नाही, दुसरा मागवा." मी म्हटलं, हाच घाल. पाचव्यांदा उतरलाय म्हणतो, सहाव्यांदा कशाला त्रास. खोटं लिहिलं कारण तुझं पत्र इतकं ऐटीत होतं की ती ऐट मोडायला मन होईना.

पण मग काय झालं ते ऐक. मी ते लुगडं दर नागपंचमीला नेसते. पदर घेतला की बोट आपोआप तिथे जातं, त्या लालसर बोटभर जागेवर. सगळं अव्वाचं, आणि एवढं तुझं. तू जुळवून दिला असतास तर त्या लुगड्यात तू कुठे आहेस ते मला सापडलं नसतं.

तेव्हा नवा धागा रंगवून पाठवायचा विचार तुझ्या डोक्यात आला असेल, तो काढून टाक. मी उसवू देणार नाही.

टाकीसाठी समुद्राचा रंग मी आता लिहून कळवणार नाही. एप्रिलमध्ये ये आणि चार वाजता माझ्याशेजारी बसून स्वतः बघ. शिवांजलीला आण, तिचं बटण सरकवणं मला प्रत्यक्ष ऐकायचंय, म्हणजे बघायचंय, ती हातवारे करून सांगेल.

येताना पांढरा रुमाल आण. अप्पांचा तो नवा होता, त्याला खळ होती, म्हणून रंग धरला नसेल. या वेळी धुतलेला आण, पुन्हा एकदा बुडवून बघू.

तुझी,
अक्का